पन्नाशीच्या उंबरठ्यावर

आमच्या कारेगावात रविवार उजाडतो तो लाउडस्पीकरच्या आवाजाने. पुणे-नगर रस्त्याच्या कडेला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले हे गाव. कधी काळी बाजरी-ज्वारीच्या रानांचे होते, आता भाड्याच्या खोल्यांचे आणि पाळ्यांच्या नोकरीचे झाले आहे. विदर्भातून, मराठवाड्यातून, थेट बिहारमधून आलेली पोरे आठवडाभर यंत्रांपाशी उभी राहतात आणि रविवारी एखाद्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतात. मंडप असतो, चषक टेबलावर मांडलेला असतो आणि समालोचन करणारा पोरगा साध्या एकेरी धावेलाही षटकाराचा आवाज लावतो. निवृत्तीनंतर मला हा सारा मामला फार आवडू लागला आहे. सकाळचा चहा झाला की मी तिकडे जाऊन बसतो.

परवाच्या रविवारी तिथे एक गृहस्थ पाहिले. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, कारखान्यात फिटर. पायांत बूट, हातात स्वतःची बॅट. पोरांनी त्यांना अदबीने काका म्हटले, पाणी दिले आणि तितक्याच अदबीने पंच म्हणून उभे केले. बॅट मंडपाच्या खांबाला टेकून राहिली. कुणी त्यांचा अपमान केला नाही. पण आता तुमचे खेळायचे दिवस संपले, हे सांगण्याची आपल्याकडे हीच रीत आहे. मानाची खुर्ची द्यायची आणि मैदान काढून घ्यायचे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, तेव्हा मलाही असेच काहीसे वाटले होते.

त्या बॅटकडे पाहता पाहता मला प्राध्यापक दि. ब. देवधर आठवले. त्यांनाही असेच अदबीने बाजूला बसवले गेले होते. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते. आणि त्यांचा सर्वांत मोठा विजय त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी यायचा होता.

दिनकर बळवंत देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. त्या काळातले पुणे म्हणजे टिळक-गोखल्यांचे पुणे, सभा-व्याख्यानांचे आणि वादांचे पुणे. पण त्याच पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या साहेबांचे क्रिकेट रंगत असे, आणि शहरातली पोरे ते लांबून पाहून आपल्या मैदानांत गिरवत. याच पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा एक तरुण साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता त्यांना गोलंदाजी टाकायचा. पुढे तो हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज झाला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्याला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यातून मिळे. १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा याच बाळूने तिथे शंभरांवर बळी घेतले. त्याच वर्षी इकडे एकोणीस वर्षांचे देवधर प्रथम श्रेणीच्या सामन्यात पहिल्यांदा उतरले. कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार हे खेळाडूच्या हातात नसते, हा धडा पुण्याच्या क्रिकेटमध्ये देवधरांच्या आधीपासूनच गिरवला जात होता.

देवधर शिकले-सवरले, आणि पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. आजच्या वाचकांना हे थोडे गमतीचे वाटेल. व्याकरणाची सूत्रे आणि कव्हर ड्राइव्ह एकाच माणसाच्या ठायी कसे नांदले असतील? पण तेव्हा क्रिकेटवर पोट भरत नसे. राजेरजवाड्यांच्या पदरी असलेले काही खेळाडू सोडले, तर बाकीच्यांनी नोकरी सांभाळायची आणि सुटी मिळेल तेव्हा बॅट उचलायची. त्यामुळे क्रिकेट हा त्यांचा धंदा कधीच नव्हता. मला वाटते, ते इतकी वर्षे टिकले त्याचे एक कारण हेच असावे. ज्यावर पोट अवलंबून नाही, त्याच्यावर माणूस निर्भयपणे प्रेम करू शकतो.

१९२६ साली आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम.सी.सी.चा संघ हिंदुस्थानात आला. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईच्या जिमखाना मैदानावर सी. के. नायडूंनी हिंदू संघातर्फे १५३ धावा ठोकल्या. त्या खेळीतल्या षटकारांच्या कथा पुढे घराघरांत सांगितल्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथेच अखिल भारतीय संघाचा सामना झाला आणि चौतिशीतल्या देवधरांनी १४८ धावा केल्या. पाहुण्यांपेक्षा आपल्या संघाची धावसंख्या जास्त झाली. हे लोक कसोटी खेळण्याच्या योग्यतेचे आहेत अशी गिलिगन यांची खात्री पटली, त्यांनी तसा आग्रह धरला, आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. नायडूंच्या खेळीचे नाव जास्त झाले हे खरे. पण कसोटीचे दार ज्या हातांनी ढकलले, त्यांत देवधरांचेही हात होते.

ते दार १९३२ साली उघडले. भारताचा संघ इंग्लंडला निघाला. २५ जूनला लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना सुरू झाला. संघात देवधर नव्हते. चाळीस म्हणजे वय झाले, असे निवडणाऱ्यांना वाटले. या दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. महाराज मनाने मोठे. आपला खेळ त्या तोडीचा नाही हे ओळखून ते कसोटीतून स्वतःच बाजूला झाले आणि छत्तीस वर्षांच्या नायडूंनी संघ मैदानात नेला. पण हिशेब मांडण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्याला एक गोष्ट टोचतेच. राजेसाहेबांसाठी बोटीवर जागा होती. ज्याने एम.सी.सी.ला शतकाने उत्तर दिले होते, त्या प्राध्यापकासाठी नव्हती.

पुढच्या वर्षी डग्लस जार्डिनचा संघ इकडे आला. १९३६ मध्ये आपला संघ पुन्हा इंग्लंडला गेला. देवधरांना बोलावणे आले नाही. अधिकृत कसोटीत खेळायचे त्यांचे राहिले ते कायमचेच. ही खंत त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही, आणि पुढच्या कोणत्याही विजयाने तिची भरपाई झाली असेही म्हणता येत नाही.

आता इथे आपल्यासारखा माणूस काय करील? मानाने बाजूला होईल. पुण्यात चार व्याख्याने देईल, जुने सामने आठवेल आणि हल्लीच्या पोरांना खेळ कळत नाही असे म्हणत उरलेले आयुष्य काढील. देवधर मात्र खेळत राहिले. त्यांना कुणी पुन्हा मैदानावर आणले नाही, कारण ते मैदानाबाहेर गेलेच नव्हते.

बँकेत आमच्याकडे निष्क्रिय खाते नावाचा प्रकार असतो. दोन वर्षे बचत खात्यात खातेदाराने काही व्यवहार केला नाही की ते खाते बाजूला काढले जाते. पैसे बुडत नाहीत, पण ते चालू खात्यांत धरले जात नाही. मग कुणी म्हातारी पासबुक घेऊन येते, शंभर रुपये भरते, कागदपत्रे दाखवते आणि खाते पुन्हा जिवंत होते. देवधरांनी आपले खाते निष्क्रिय होऊच दिले नाही. ते लहान लहान रकमा भरत राहिले.

त्यांना ही संधी दिली रणजी करंडकाने. १९३४-३५ च्या हंगामात ही स्पर्धा सुरू झाली. तोवर मुंबईतले मोठे सामने हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा संघांत होत. तिथे गर्दी लोटत असे. रणजी स्पर्धेत मात्र प्रांताचा संघ असे, आणि सुरुवातीला तिला तेवढी प्रतिष्ठाही नव्हती. महाराष्ट्राचा संघ तर मुंबईच्या सावलीत वाढणारा. मुंबईने पहिली दोन्ही वर्षे करंडक उचलला. मग नवानगर, हैदराबाद, बंगाल यांनी एकेकदा जिंकला. बडोदा, नवानगर यांच्या मागे संस्थानांचे खजिने होते. महाराष्ट्राचा कर्णधार होता महिन्याच्या पगारावर संस्कृत शिकवणारा एक गृहस्थ.

पण या गृहस्थांनी भोवती जमवलेली पोरे पाहा. सांगलीचे विजय हजारे, धर्माने ख्रिस्ती. नागरवाला, पारशी. रंगा सोहोनी, विशीतला अष्टपैलू तरुण. जातीधर्माच्या संघांत ही मंडळी एकमेकांविरुद्ध उभी राहिली असती. महाराष्ट्राच्या संघात ती एका कर्णधाराच्या हाताखाली खेळली.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले. त्या हिवाळ्यात इंग्लंडचा संघ येणार होता, तो दौरा रद्द झाला. देशातले क्रिकेट मात्र चालू राहिले. त्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध सामना झाला आणि चोवीस वर्षांच्या हजारेंनी नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. त्यातली खरी गंमत नवव्या जोडीची. समोर नागरवाला होते. गोलंदाज म्हणून संघात असलेल्या या पारशी गड्याने ९८ धावा केल्या आणि दोघांनी मिळून २४५ धावा जोडल्या. शेवटच्या पोरांना घेऊन डाव उभा करता येतो, हा विश्वास ज्या संघात असतो तिथेच अशा गोष्टी घडतात. अंतिम सामना पुण्यातच संयुक्त प्रांताविरुद्ध झाला आणि महाराष्ट्राने दहा गडी राखून तो जिंकला. रणजी करंडक पहिल्यांदा महाराष्ट्राकडे आला. तो उचलणारा कर्णधार अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता. त्या काळी हिंदुस्थानात माणसाचे सरासरी आयुष्य पस्तीस वर्षांचेही नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

कुणी म्हणेल, करंडक तरुणांनी जिंकला, म्हातारा नुसता टॉसला जात होता. पुढच्याच हंगामात या शंकेचे उत्तर मिळाले.

१९४०-४१ मध्ये पुण्यात महाराष्ट्रासमोर मुंबई उभी राहिली. मुंबई म्हणजे तेव्हाही मुंबईच. तिला हरवणे हे पुणेकरांच्या दृष्टीने इंग्लंडला हरवण्याइतकेच मोठे. अठ्ठेचाळिशी ओलांडलेले देवधर फलंदाजीला उतरले आणि त्यांनी २४६ धावा काढल्या. सदतीस वर्षांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या.

जरा थांबून या आकड्याचा विचार करू. खेळपट्टी बावीस यार्डांची. त्यातल्या कित्येक धावा चौकारांच्या असतील हे धरले, तरी उरलेल्या पळूनच काढाव्या लागतात. शिवाय समोरचा जोडीदार जेव्हा धाव घेतो, तेव्हाही आपल्याला तितकेच पळावे लागते. डोक्यावर हेल्मेट नाही, पायांत आजच्यासारखे हलके बूट नाहीत. आणि एवढे झाल्यावर कर्णधाराला सावलीत बसता येत नाही. मुंबईने ६५० धावा केल्या. त्यांच्या खंडू रांगणेकरांनी द्विशतक काढले. तेवढ्या धावा होईपर्यंत उन्हात उभे राहायचे, गोलंदाज बदलायचे, पोरांचा धीर सुटू द्यायचा नाही.

महाराष्ट्राच्या धावा झाल्या होत्या ६७५. सामन्याचा निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर लागला, आणि ती आघाडी फक्त २५ धावांची. टक्केवारीत मांडायचे तर चार टक्केही नाहीत. म्हणजे देवधरांनी २४६ ऐवजी २२० धावा केल्या असत्या, तरी मुंबई पुढे गेली असती. द्विशतक काढूनही माणूस हरला असता. शेवटच्या त्या सव्वीस धावा त्यांनी कशा काढल्या असतील, या विचाराशी मी नेहमी थांबतो. दोनशे वीस झाल्यावर अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने बॅट बगलेत धरून परत फिरायला कुणाची हरकत असती? पाठ थोपटायला सारे पुणे उभे होते. पण ते फिरले नाहीत, आणि सामना त्यानेच जिंकला गेला.

त्या हंगामात मग महाराष्ट्राचा संघ थांबलाच नाही. नॉर्दर्न इंडियाविरुद्ध पुण्यात त्यांनी ७९८ धावांचा डोंगर रचला. अंतिम सामना मद्रासला, मद्रासच्याच संघाविरुद्ध. परक्या मैदानावर, परक्या प्रेक्षकांसमोर महाराष्ट्राने तो सहा गडी राखून जिंकला. सलग दुसरा करंडक. ज्या माणसाला आठ वर्षांपूर्वी वयामुळे बोटीवर जागा मिळाली नव्हती, तो देशातल्या सर्वश्रेष्ठ संघाचा दोनदा विजेता कर्णधार झाला होता, आणि तोही स्वतःच्या बॅटच्या जोरावर.

जगात अशी उदाहरणे थोडीच आहेत. इंग्लंडच्या डॉ. ग्रेस यांनी १८९५ साली सेहेचाळिसाव्या वर्षी एकट्या मे महिन्यात हजार धावा केल्या होत्या. गोल्फमध्ये जॅक निकलस यांना लोकांनी संपलेले धरले होते. सहा वर्षे त्यांच्याकडे मोठा किताब आला नव्हता. १९८६ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मास्टर्स जिंकली आणि अमेरिका वेडी झाली. २०२१ मध्ये फिल मिकल्सन पन्नासाव्या वर्षी पी.जी.ए. विजेता ठरला. पण गोल्फमध्ये चेंडू आपल्या पायांपाशी शांत पडलेला असतो, आणि तो मारायला आपल्याला हवा तेवढा वेळ घेता येतो. क्रिकेटमध्ये तो अंगावर येतो, आणि टाकणारा विशीतला असतो.

देवधरांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९४४-४५ च्या हंगामात नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके केली, १०५ आणि १४१. तेव्हा त्यांनी बावन्न वर्षे पूर्ण केली होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी खेळायला लागलेला हा माणूस दुसरे महायुद्ध संपल्यावरही खेळत होता. १९४८ मध्ये त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द संपली. ८१ सामने, ४५२२ धावा, नऊ शतके. सदतीस वर्षांत एक्क्याऐंशी सामने म्हणजे वर्षाला सरासरी दोनच. बाकीचे तीनशे साठ दिवस हा माणूस त्या दोन सामन्यांची वाट पाहत स्वतःला तयार ठेवत होता. मला हा आकडा त्यांच्या शतकांपेक्षाही मोठा वाटतो.

नंतर ते राष्ट्रीय निवड समितीवर आले, क्रिकेट संघटनांच्या कारभारात राहिले. ज्या खुर्चीने त्यांना वगळले होते, त्या खुर्चीवर ते बसले. घरातही खेळ होताच. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात बॅडमिंटन गाजवले. ताराबाई तर राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. मुलीने नऊवारी सांभाळत उंबऱ्याच्या आत राहावे असे मानणारी घरे तेव्हा पुण्यात कमी नव्हती. त्या काळात मुलींच्या हाती रॅकेट देणारे हे वडील होते. सरकारने त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण दिले. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते हयात होते. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाचे शतकही पूर्ण केले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, एकशे एकाव्या वर्षानंतर, पुण्यातच त्यांचा डाव संपला. गहुंजेच्या स्टेडियममध्ये आज त्यांचा पुतळा आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. देवधरांच्या त्या दोन करंडकांनंतर २०२५ पर्यंत महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही. १९७१ मध्ये मुंबईने, १९९३ मध्ये पंजाबने, २०१४ मध्ये कर्नाटकाने अंतिम सामन्यात हरवले. त्या संघांत एकाहून एक गुणी तरुण होते. म्हातारे असणे हा विजयाचा मंत्र आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. जागा अडवून बसणारे म्हातारे मी नोकरीत भरपूर पाहिले आहेत, आणि शेवटच्या काही वर्षांत मीही त्यांतला एक झालो होतो की काय, ही शंका मला अजून सतावते. देवधरांच्या बाबतीत ती शंका येत नाही, कारण त्यांच्याच संघात हजारेंनी त्रिशतक काढले, सोहोनी मोठे झाले आणि १९४६ मध्ये इंग्लंडला गेले. आपण राहिल्याने आजूबाजूची पोरे वाढतात की खुरटतात, हा हिशेब प्रत्येक ज्येष्ठाने स्वतःशी मांडावा. पोरे वाढत असतील, तर कुणाच्या शाल-नारळाला घाबरण्याचे कारण नाही.

या रविवारी मी पुन्हा रानात गेलो. एका संघातला पोरगा रात्रपाळीहून आलाच नव्हता. अकरा भरेनात म्हणून फिटरकाकांना बोलावले गेले. खांबाची बॅट हातात आली. नवव्या क्रमांकावर ते उतरले, सात धावा केल्या आणि धावचीत झाले. सामनाही हरला. पण जाता जाता ते समोरच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होते, आणि तो पोरगा मान हलवत ऐकत होता. समालोचकाने त्यांचे नाव चुकीचे घेतले. त्यांनी ते दुरुस्तही केले नाही. पुढच्या रविवारी संघ कितीला जमणार, एवढेच त्यांनी विचारले.